‘आम्ही चौदावर आउट झालो’

नमस्कार,

मुलगा नववीत आहे, डोंबिवलीहून किटबॅग सांभाळत रोज आझाद मैदान गाठतो. त्याला भारताकडून खेळायचंय, म्हणून दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यावी का, हा तुमचा प्रश्न. नको. हॅरिस शील्ड ही शाळांचीच स्पर्धा आहे. शाळा सोडली तर तीही सुटेल. पुढे क्रिकेटची टीम असलेलं कॉलेज बघा, शाखा कुठलीही चालेल.

मला काळजी वाटली ती पत्रातल्या दुसऱ्याच ओळींची. ‘कांगा लीगमध्ये आम्ही चौदावर आउट झालो,’ असं तुम्ही लिहिलंय. आम्ही? बॅट त्याच्या हातात होती. आणि लगेच पुढे, ‘दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, त्याशिवाय त्याला समजत नाही.’

काय समजायला हवं होतं त्याला? कांगा लीग ही मुंबईतल्या क्लबांची स्पर्धा भर पावसाळ्यात होते. खेळपट्टी ओली, गवत एवढं वाढलेलं की चांगला ड्राइव्हसुद्धा मध्येच अडकतो. तिथले चौदा रन किती कष्टाचे, हे मैदानावरच्या कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा. बोलरला मार पडला तरी पुढचा चेंडू मिळतो; बॅट्समनचा दिवस एका चुकीत संपतो. असं आउट होणं त्याला आयुष्यभर सोसायचंय. पण आउट झालं की घरात अबोला, हे एकदा डोक्यात बसलं की पोरगं शॉट खेळायचंच बंद करतं, नुसती विकेट वाचवत बसतं. तुमच्या अबोल्याने त्याची बॅटिंगच बिघडेल.

‘सचिन सोळाव्या वर्षी खेळला, म्हणजे आमच्याकडे दोनच वर्षं उरलीत,’ हा हिशोब तर साफ चुकीचा आहे. सूर्यकुमार यादव भारताकडून पहिल्यांदा खेळला २०२१ मध्ये, तिशी ओलांडल्यावर. आणि अमोल मुझुमदार? १९८८ मध्ये सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना तो पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत होता. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा, तरी भारताकडून एकही सामना नाही. मेहनतीत कमी पडला, असं म्हणाल का त्याला? इंडिया कॅप मिळणं पूर्णपणे खेळाडूच्या हातात नसतं, मग बापाच्या हातात कुठून असणार! २०२५ मध्ये आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा त्यांचा कोच हाच मुझुमदार होता. त्याचं क्रिकेट फुकट गेलं, असं मी तरी म्हणणार नाही.

एक महिना मैदानावर जाऊ नका. घरी आल्यावर स्कोअर विचारू नका, जेवायला वाढा. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

तुमच्या तीन पानी पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.