धावणं सुटलेल्या १६ वर्षांच्या मुलाला सायकल रेसिंग करू द्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरावीत, नडगीच्या दुखण्यामुळे पळणं बंद, तेव्हापासून घरात आदळआपट, क्लासला दांड्या, आणि आता अचानक सायकलच्या शर्यतीत उतरायचं म्हणतोय. नाशिकमध्ये कोचिंग कुठं, खर्च किती, पुढे स्कोप आहे का, आणि 'आज हे उद्या ते असं करणाऱ्या मुलाचे लाड करावेत का' असं विचारलंय. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. हेच वाक्य आमच्या दाजींनी पाच वर्षांपूर्वी माझ्या घरात, माझाच चहा पीत म्हटलं होतं.

मी सायकलपटू नाही. सातपूरला टर्नर आहे, सिडकोतून कंपनीत सायकलने जातो, एवढाच माझा सायकलशी संबंध. पण भाचा माझा.

पोरगं दीड हजार मीटर पळायचं. नाशिकमध्ये पळणाऱ्या प्रत्येक पोराला कविता राऊतचं उदाहरण ऐकावं लागतं, यालाही ऐकवलं. सावरपाड्याहून निघालेली मुलगी २०१० च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन येते, तर तुझी नडगी तेवढी कशी दुखते? साध्या एक्स-रेत काही आलं नाही, म्हणून सर म्हणाले नाटकं करतोय. त्याच पायावर विभागीय स्पर्धेपर्यंत पळवलं. मग एमआरआय काढला तेव्हा हाडाला बारीक चीर. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दोन महिने विश्रांती सांगितली होती, सहाव्या आठवड्यात पुन्हा मैदानात उभं केलं. पुन्हा चीर.

नंतरचे आठ महिने मी सविस्तर लिहीत नाही, तुमच्या घरात ते चालूच आहेत. पळायचे खिळ्यांचे बूट, स्पाइक्स, विकले. शाळेच्या व्यायामशाळेच्या काचेवर दगड घातला. दाजींना मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं, ते त्यांनी अजून विसरलेलं नाही. शेवटी ताई रडत फोनवर म्हणाली, तू घेऊन जा त्याला थोडे दिवस.

आला. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला. डॉक्टरांनी सायकल चालवायला हरकत नाही असं कागदावर लिहिलं होतं, कारण पायावर दणका बसत नाही. तो कागद कुणी नीट वाचलाच नव्हता. मी तर नाहीच.

एका सकाळी सहा-सव्वासहाला पहिल्या पाळीसाठी खाली उतरलो तर माझी सायकल नाही. वर आलो तर पोरगंही नाही. माझ्या पोटात गोळा आला. ताईला फोन करायचा धीर होईना. गोदावरीच्या काठापर्यंत जाऊन आलो, कुठल्या विचाराने गेलो ते सांगत नाही. पावणेआठला महाराज गेटमधून आत. माझी वीस-बावीस किलोची काळी, कॅरिअरवाली, बिनगिअरची सायकल, मडगार्डला चिखल, आणि चड्डीत मागून ओरखडे पडल्यासारखा चालतोय.

"कुठं मेला होतास?"

"त्र्यंबकला." आणि फोनमध्ये कुशावर्ताच्या पायऱ्यांचा फोटो.

जाऊन-येऊन साठ किलोमीटर. माझ्या कंपनीच्या गेटवरूनच गेला आणि आला. माझी पाळी बुडली, अर्धा पगार गेला, मी हात उगारणार तेवढ्यात हा म्हणतो, "मामा, चेन एवढी ढिली का ठेवतोस? अंजनेरीच्या चढाला दोनदा पडली."

आठ महिन्यांत त्या पोराने कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी पाना काढला आणि आम्ही दोघं खाली बसून मागचं चाक ओढून चेन ताणली.

महिन्याभरात मी एकाकडून जुनी रोड बाईक, म्हणजे शर्यतीची बारीक टायरची सायकल, घेतली, अडतीस हजारांना. बायकोला पंचवीस सांगितले. दाजींना कळल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, "पळता येईना म्हणून सायकल. उद्या सायकल जमली नाही की कॅरम. तू त्याला पळपुटा बनवतोयस."

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही, आता तुमच्या निमित्ताने देतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, विहिरी खणणाऱ्याचा मुलगा. सैन्यात गेल्यावर त्याच्या हातात वल्हं आलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याची होडी वल्हवत उतरला. २०१८ च्या एशियाडला चौघांच्या होडीत सुवर्ण. बेल्जियमचा रेमको एव्हनपूल सतरा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉल खेळत होता. फुटबॉल सुटला, सायकल धरली, आणि दुसऱ्याच वर्षी, २०१८ ला, ज्युनिअर गटातली रोड रेस आणि टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) अशी दोन्ही जगज्जेतेपदं घेतली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला रोड रेस आणि टाइम ट्रायल, दोन्हींचं सुवर्ण त्याचंच. यांनाही कुणी दाजी भेटले असतील.

आणि पळणाऱ्याचं सायकलवर वाया काय जातं? छाती तीच, दम तोच. अडचण दुसरीकडे येते. धावपटूला स्वतःच्या जोरावर पुढे जायची सवय असते. आमचा हिरो ग्रुपबरोबर पहिल्यांदा इगतपुरीकडे निघाला, सगळ्यांच्या पुढे वारा खात, छाती काढून. घोटीच्या आसपास चाळिशीतले पोटवाले काका गप्पा मारत त्याला मागे टाकून गेले. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि आपली पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. परत येताना एका काकांनी त्याला मागे घेतलं आणि म्हणाले, "बाळा, वाऱ्यात नाक घालायची पाळी प्रत्येकाची येते, पण आपली आली की." घरी येऊन त्याने ते मला चार वेळा सांगितलं. ट्रॅकवर त्याला कुणी पाळी दिली नव्हती, पाठीमागे घेणं तर दूरच.

आता तुमच्या प्रश्नांचं. खर्च: नवी, शर्यतीत चालेल अशी रोड बाईक लाखाच्या अलीकडेपलीकडे जाते. पहिली सायकल जुनी घ्या, फ्रेमचं माप बघून घ्या. भारी चाकांच्या नादाला लागू नका, पोरं एकमेकांचं बघून मागतात. टायर, ट्यूब, चेन, ब्रेक पॅड हे चालूच राहतं, ते पैसे आधी बाजूला काढा. खायला पावडरी नकोत. केळी आणि शेंगदाण्या-गुळाचे लाडू पुरतात. सीट दोन बोटं खाली राहिली की गुडघा पुढून दुखतो, फार वर गेली की मागून. हे शंभरातल्या नव्वद आईबापांना सांगावं लागतं, कारण सीट ते स्वतःच लावून देतात.

कोचिंगसाठी जाहिराती बघत बसू नका. रविवारी पहाटे साडेपाचला गंगापूर रोडला जाऊन उभे राहा. जे घोळके जातात त्यांत सोळा-सतरा वर्षांची पोरं कुणामागे आहेत ते बघा आणि त्या माणसाला गाठा. एक मात्र सांगतो. आपल्या नाशिकला लांब पल्ल्याचं वेड आहे, आणि का असू नये, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ही भावंडं २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण करणारी पहिली भारतीय टीम ठरली, चार हजार आठशेच्या आसपास किलोमीटर. पण ती चाळिशीच्या आसपासची तयार माणसं होती. सोळाव्या वर्षी पोराला दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, लावून मेडलं गोळा करू नका. वीस किलोमीटरची टाइम ट्रायल, घाटातले छोटे जोरकस चढ, एवढंच करू द्या.

स्कोप: राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलांचे संघ उतरतात, राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. आमच्या पोराला यातलं अजून काही मिळालेलं नाही. जिल्ह्यात सातवा, राज्याला एकदा अकरावा, एकदा पंक्चर. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एक विषय राहिलाय.

लिहायच्या भरात दोन गोष्टी राहिल्या. हायवेवर ट्रक आहेत. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर सायकलला कुलूप लावा, पोरगं रुसलं तरी. आणि सायकलने पायावर भार पडत नाही, म्हणूनच हाडं आपोआप भक्कमही होत नाहीत. ज्याच्या हाडाला आधीच चीर गेलीय त्याने डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम करायलाच हवेत. तिसरी गोष्ट लिहायला जड जातं. सायकलने सगळं बरं झालं असं मी वर लिहिल्यासारखं वाटेल, पण ते भिंतीकडे तोंड करून झोपणं पुढच्या पावसाळ्यात एकदा परत आलं होतं. समुपदेशकाकडे न्यायला हवं होतं, आम्ही नेलं नाही. तुम्ही न्या, सायकल घ्या अगर न घ्या.

गेल्या वर्षी त्याची उंची वाढली म्हणून ५४ च्या फ्रेमची नवी सायकल आली. ती दाजींनी घेतली. गॅलरीत लावून बिल्डिंगभर दाखवली आणि आता प्रत्येक लग्नात सांगतात, "पोराचा कल मी आधीच ओळखला होता." मी पंगतीत मठ्ठा पीत ऐकून घेतो.

जुनी ५२ ची माझ्याकडे पडून आहे. तुमच्या मुलाची उंची पाच-पाच ते पाच-सातच्या मध्ये असेल तर मेसेज करा, चार-सहा महिने वापरून बघू दे, पैशांचं नंतर. कुणी म्हणालं सायकल दाजींची आहे, तर विकणाऱ्याने कोऱ्या कागदावर लिहून दिलेली पावती माझ्या कपाटात आहे. नाव माझं आहे, तारीखही आहे.