गिटारवर ऑल्टर्ड कॉर्डचे अर्पेजिओ कसे बसवावेत?

बेळगावात हार्मोनियम शिकून गिटारकडे वळलेल्या आपल्याला जी सेव्हन ऑल्टर्डमधील (म्हणजे काही स्वर मुद्दाम बदललेल्या जी सेव्हन कॉर्डमधील, कॉर्ड म्हणजे स्वरसमूह) स्वर लक्षात राहत नाहीत, असे आपण विचारले आहे. आपल्याकडील बहुतेकांच्या कानात सरगम आधीच असते, म्हणून मी तिच्याच आधाराने सांगतो. जी हा षड्ज धरल्यास शुद्ध गंधार आणि कोमल निषाद हे कॉर्डचे मूळ स्वरूप टिकवतात, तर कोमल ऋषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल धैवत हे बदललेले स्वर होत. पंचम येथे वर्ज्य समजावा.

हे सर्व स्वर एकदम वाजवू पाहणे ही माझ्या मते सुरुवातीची मोठी चूक आहे. त्याऐवजी एफ मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह या दुसऱ्या कॉर्डचे चारच स्वर अर्पेजिओने, म्हणजे एकामागून एक, घ्यावेत (तारा बारीक तारेपासून मोजाव्यात) : पाचव्या तारेवर आठवा फ्रेट (दांडीवरील आडवा पडदा), चौथीवर सहावा आणि नववा, तिसरीवर आठवा. जीच्या दृष्टीने हे कोमल नी, कोमल रे, शुद्ध ग आणि कोमल ध असल्याने षड्ज न वाजवताही कॉर्डचा पूर्ण ताण ऐकू येतो.

मात्र ताण सुटला पाहिजे. शेवटचा स्वर तिसऱ्या तारेवर एक फ्रेट पुढे, नवव्यावर नेला की सी मेजर कॉर्डचा (आता सी हा षड्ज धरून) गंधार मिळतो. मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून एवढा एकच तुकडा जी सेव्हनवरून सीवर उतरताना वाजवावा आणि प्रत्येक स्वर तोंडाने म्हणावा (हार्मोनियमवाल्यांना हे जड जाऊ नये). हात बसल्यावरच अन्य पट्ट्या घ्याव्यात.