टोमॅटो लावायचाय? आधी माती बघा

रोपं आणायची घाई करू नका. ओलसर माती मुठीत दाबा. गोळा बोटाने सहज फुटला तर छान, चिकटच राहिला तर ५ सेंटिमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टचा थर वरच्या मातीत मिसळा. वाळू घालायचा मोह टाळा, चिकणमाती त्याने आणखी घट्ट होऊ शकते. ताजं शेणखतही नको, मुळं करपतात. मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ६ ते ६.८ असावा.

वाणांत पहिल्या वर्षी चेरी टोमॅटो घ्याच, तो सहसा निराश करत नाही. कुंडीत मर्यादित वाढीचा, झुडपी वाण बरा. उंच वाढणाऱ्याला भक्कम आधार लागतो, पण फळं जास्त दिवस मिळतात. आणि हो, रोप खोल लावा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.