घरदुरुस्ती : तेल कुणाचं, वाइप कुणाचा?

प्रश्न : काका, विश्रामबागेत चार मजली अपार्टमेंटमध्ये आम्ही तळमजल्यावर राहतो. दिवाळीपासून मागचं चेंबर तीनदा तुंबलं आणि दर वेळी घाण पाणी वर आलं ते आमच्याच संडासात. मी ऑर्डरीने चकली-शेव करते, म्हणून वरचे सगळे माझ्या तेलाकडे बोट दाखवतात. दुसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्याचे ओले वाइप कमोडमध्ये जातात. विचारलं तर म्हणतात, पाकिटावरच छापलंय फ्लश करा म्हणून. मी रोज रात्री मोरीत साबण टाकून उकळतं पाणी सोडते, तरी फरक नाही. ॲसिड टाकू का? की एकदाच माणूस आत उतरवून साफ करून घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शेवटचं आधी. माणूस उतरवायचा नाही. चेंबर छातीएवढं असलं तरी नाही. साचलेल्या मैल्यात वायू कोंडलेला असतो, ढवळला की एकदम सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. वायू फार झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला असं उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो तुमच्या सोसायटीलाही लागू आहे. महापालिकेकडे तक्रार द्या, नाहीतर खासगी जेटिंगची गाडी बोलवा, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने लाइन मोकळी करणारी.

आता भांडणाचं. तुम्ही दोघीही निम्म्या-निम्म्या खऱ्या आहात. तुमचं तेल मोरीच्या लाइनीतून येतं, बाळाचा वाइप संडासाच्या लाइनीतून. दोघांची गाठ पडते चेंबरात.

उकळत्या पाण्याने तेल पातळ होतं हे खरं, पण किती वेळ? दहा-पंधरा फूट गेलं की पाणी निवतं आणि तेल तिथं नळीला धरतं. फरसाणाला बहुतेक पामतेल वापरतात, ते तर थंडीत डब्यातसुद्धा गोठतं. म्हणजे रोज रात्री तुम्ही तुंबा स्वतःच्या मोरीतून काढून पुढे ढकलताय. पुढे सिमेंटच्या चेंबरात त्या तेलाला सिमेंटमधला चुना भेटतो आणि कडक साबण तयार होतो. पांढरट, वडीसारखा. पहारीने फोडावा लागतो.

वाइप दिसतो कागदासारखा, पण बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात. पाकिटावर काही का छापलेलं असेना, दुसऱ्या मजल्याला एक प्रयोग करायला सांगा. एका बादलीत टॉयलेट पेपर, दुसरीत वाइप. काठीने ढवळायचं आणि तासाभराने बघायचं. कागदाचा लगदा झालेला असेल, वाइप पिळून परत वापरता येईल. मी मिरजेत एका इमारतीचं चेंबर काढत होतो, तर आकड्याला दोरखंड लागला. मनगटाएवढा जाड, राखाडी, पिळलेल्या धोतरासारखा. ओढून ओढून आठ-नऊ फूट निघाला. पाण्याखाली धरला तर एकेक वाइप अखंड, त्यावरची ठिपक्यांची नक्षीसुद्धा शाबूत!

2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात तेल आणि वाइपचा असाच गोळा सापडला होता. 250 मीटर लांब, 130 टन. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी त्यांनी म्युझियममध्ये मांडला. हौस बघा.

मला हसायचा हक्क नाही म्हणा. आमच्या घरी दर रविवारी मटणाचं पातेलं कटासकट गरम पाण्याने मोरीत धुतलं जायचं. मी दुनियेच्या लाइनी काढत फिरलो आणि माझ्याच मोरीची तीन इंची नळी आतून आवळून करंगळी जेमतेम जाईल एवढी उरली होती. कापलेला तुकडा अजून ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला.

ॲसिड नको. चरबीवर ते फारसं चालत नाही, चेंबरचं सिमेंट मात्र खातं. त्यात कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन सुटतो, तो जिवाशी खेळ. कॉस्टिक सोडाही नको. ते पाण्यात तापतं, पीव्हीसीची नळी मऊ पडते आणि विरघळलं नाही तर आतच दगड होऊन बसतं.

तुम्ही करायचं ते एवढंच : कढई, झारा, सोऱ्या आधी रद्दी पेपरने कोरडे पुसा, पेपर कचऱ्यात टाका, मग धुवा. उरलेलं तळण डब्यात साठवा. जुनं तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे असतात. कुणी मिळेपर्यंत डबा झाकून ठेवा. मोरीच्या लाइनीला ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल वर अडवून पाणी पुढे सोडणारी पेटी, बसवून घ्या. तुमचा तळणाचा धंदा आहे, तेव्हा हा खर्च तुमचा. आठवड्याला त्याचं झाकण काढून वरची साय खरवडायची. एक आठवडा चुकलात तर तो ट्रॅपच तुंबेल. वरच्यांनी संडासात झाकणाची छोटी बादली ठेवायची, वाइप आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून तिच्यात.

कुणी म्हणेल, 2019 च्या पुरापासून लाइनच बिघडली. नदीकाठच्या गावभागात कृष्णेचं पाणी चेंबरातून उलटं येतं ते दुखणं वेगळं, विश्रामबागेत ते सांगू नका म्हणावं.

जेटिंगची गाडी येईल त्या दिवशी चारही मजल्यांना खाली बोलवा. झाकण निघताना लांब उभं राहायचं, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. काय बाहेर पडतं ते सगळ्यांना बघू द्या, आणि बिल तिथंच उभ्या उभ्या वाटून घ्या. दुसऱ्या दिवशी कुणी देत नाही.