ड्रॉबारची परीक्षा घाईत घेताना

प्रश्न, निपाणी : आम्ही उसाच्या ट्रॉलीचे ड्रॉबार (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) बनवतो. अख्ख्या गाळप हंगामाचा मार आठवड्याभरात देऊन बघायचा आहे. लोड किती वाढवू?

दुपटीवर थांबा. वेल्डच्या सांध्यात दर फेरीतला (लोड एकदा चढून उतरला की एक फेरी) ताणाचा चढउतार दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. रस्त्यावर हा चढउतार ६० मेगापास्कल (ताणाचं एकक) येत असेल तर रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, १२० द्या. ८ लाख फेऱ्यांचं काम १ लाखात उरकतं. चौपट केला तर कागदावर ६४ पट वेळ वाचतो, पण २४० म्हणजे ई२५० या नेहमीच्या पोलादाच्या यिल्डला (२५०) टेकलात. तिथं पोलाद कायमचं वाकायला लागतं आणि हा हिशेबच लागू राहत नाही.

हंगाम संपल्यावर दुरुस्तीला आलेल्या ट्रॉल्या नीट बघा. वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग असते, रंगातून गंजाची तांबूस रेघ बाहेर आलेली असते. रिगवरचा नमुना तिथंच आणि तसाच फुटायला हवा. भलतीकडून फुटला तर तो आकडा वापरू नका, मग चाचणीला कितीही खर्च झालेला असो.

प्रश्न, चिक्कोडी : जास्त ताकदीचं पोलाद घेतलं तर भेगा थांबतील?

वेल्ड जसाच्या तसा ठेवलात तर नाही. त्याच्या कडेला सुरुवातीपासूनच बारीक खाचा असतात, आणि भेग वाढायचा वेग सगळ्या पोलादांत जवळपास सारखाच. ते पैसे वेल्डची कड ग्राइंडरने गुळगुळीत करण्यावर घाला.

प्रश्न, उद्यमबाग, बेळगाव : आमचा एक हायड्रॉलिक सिलिंडर २० लाख फेऱ्या टिकला. ग्राहकाला हमी लिहून देऊ?

एक नमुना टिकला, एवढंच लिहा. एकाच वेल्डरच्या हातचे जॉबही तिप्पट-चौपट फरकाने फुटतात. शिवाय न फुटलेला सिलिंडर कमकुवत जागा कुठं आहे ते सांगत नाही. आणखी पाच-सहा घ्या आणि फुटेपर्यंत चालवा. हमीचा आकडा सरासरीच्या बराच खाली धरा. त्या सिलिंडरखाली माणूस उभा राहणार आहे.

प्रश्न, खानापूर : लोड तोच ठेवून रिगचा वेग वाढवला तर?

कोरड्या जागेतल्या पोलादी भागाला चालतं, फक्त तो तापू देऊ नका. साखर कारखान्यातल्या रोलर शाफ्टला (ऊस पिळणाऱ्या रोलरचा दांडा) मात्र नाही. तिथं उसाचा रस झिरपतो आणि गंजाला आपलं काम करायला वेळ लागतो. वेगानं फिरवलेली चाचणी तो वेळ देत नाही आणि आयुष्य खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. असे शाफ्ट दर हंगामाआधी अल्ट्रासॉनिकने (ध्वनिलहरींनी आतली भेग शोधणारी तपासणी) तपासून घ्या.