फरशी स्वतः बसवली तर १८,९०० वाचतील का?

प्रश्न: नाशिकला वीस वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. लिफ्ट नाही. हॉल आणि दोन बेडरूममधल्या मोझेकवरच दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायच्या आहेत, ४२० चौरस फूट. टाइल जीएसटीसह ५५ रुपये फूट. मिस्त्री बसवायचे ४५ रुपये फूट मागतो, म्हणजे १८,९०० रुपये. माझ्याकडे बोनसचे ४०,००० आहेत. आठ दिवस रजा काढून मीच बसवतो, बाथरूमचंही उरकून टाकतो, असं म्हणतोय. न घेतलेली रजा कंपनी दिवसाला हजार रुपयांनी विकत घेते. करू का?

उत्तर: बाथरूमचा विषय आधी संपवू. तिथे हात घालू नका. तिथे खरं काम टाइलखालचं असतं: वॉटरप्रूफिंग आणि जाळीकडे जाणारा उतार. उतार अर्धा इंच चुकला की पाणी कोपऱ्यात साचतं, आणि सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू छताचा फोटो पाठवतात. मग त्यांचा रंगही तुमच्याच खिशातून.

आता खोल्या. १८,९०० वाचणार हे तुम्ही धरलंत, पण ते वाचवायला किती जातील ते धरलं नाहीत. हाताने चालवायचा कटर साधारण ४,५००, ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड २,८००, दातेरी थापी, रबरी हातोडा, लेव्हल, स्पेसर मिळून १,२००. झाले ८,५००. आठ दिवसांची रजा म्हणजे ८,०००. मिस्त्री पाच टक्के तुकडे वाया घालवतो, नवखा माणूस सहज बारा. म्हणजे दोन खोके जास्त, ३२ फुटांचे १,७६०. बेरीज १८,२६०.

वाचले ६४० रुपये. त्यात एकही टाइल चुकीची बसलेली नाही असं मी धरलंय.

ती चुकीची बसते कशी, हे मी भोगलंय. काही वर्षांपूर्वी मी माझ्या बाल्कनीत हौसेने टाइल्स लावल्या. टाइलच्या पाठीवर अ‍ॅडेसिव्हचे, म्हणजे टाइल चिकटवायच्या मसाल्याचे, पाच गोळे ठेवले, दाबलं, लेव्हल अगदी झकास आली. महिन्याभराने गॅसचा भरलेला सिलिंडर टेकवला आणि कोपरा मारी बिस्किटासारखा मोडला. खाली पोकळी होती. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून नुसतं सिमेंट तिला धरत नाही आणि अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने कडेपर्यंत ओढावं लागतं. आजही मी कुणाच्या नव्या घरी गेलो की नाण्याने फरशी वाजवून बघतो. बायकोला लाज वाटते.

तरीही तुमचे हात रिकामे ठेवायची गरज नाही. बसवणं सोडून बाकीचं घ्या. जुन्या मोझेकला टाचे मारून खडबडीत करणं, झाडून-धुऊन साफ करणं, शेवटी टाइलमधल्या फटींत ग्राऊट भरणं आणि पुसणं, एवढं तुम्ही करणार असाल तर मिस्त्रीशी ३८ रुपयांवर बोला. सात रुपये फूट म्हणजे २,९४० वाचले. २८ खोकी वर चढवायची हमाली खोक्याला चाळीस धरली तर १,१२०. एकेक खोकं पंचवीस-तीस किलोचं असतं, म्हणजे सगळा माल पाऊण टनाच्या आसपास. दोन रविवार घ्या, मुलाला हाताशी घ्या, पाठीचं दुखणं असेल तर मात्र मुकाट्याने हमाल बोलवा. दोन्ही मिळून ४,०६०, आणि त्यासाठी एकही हत्यार विकत आणायचं नाही.

एकूण खर्च असा. २८ खोकी, ४४८ फूट, २४,६४०. अ‍ॅडेसिव्हच्या नऊ गोण्या, ५५० ने ४,९५०. मजुरी ३८ ने १५,९६०. सगळे ४५,५५०. बोनसला ५,५५० कमी पडतात. त्यासाठी एफडी मोडू नका, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातही जाऊ नका. जी आठ दिवसांची रजा काढणार होतात ती विका, ८,००० येतील. नोकरीत असताना विकलेली रजा पगारात धरली जाते, करपात्र असते. पण नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे तुमचं उत्पन्न त्याच्या आत असेल तर ते पूर्ण हातात पडतील. उरलेले २,४५० दारांसाठी ठेवा. फरशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येणार, दारं खालून घासणार, आणि सुतार फुकट येत नाही.

दुकानात दोन गोष्टी बघा. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड एकच हवी. अ‍ॅडेसिव्हच्या गोणीवर आयएस १५४७७ हा मानकाचा क्रमांक आणि ते जुन्या फरशीवर चालतं असं छापलेलं हवं. न उघडलेलं खोकं परत घेणार का, ते बिलावरच लिहून घ्या. मिस्त्रीला स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लागणारी टाइलची पट्टी, ठरलेल्या दरातच आहे की रनिंग फुटाने वेगळी, हे आज विचारा. भांडणं तिथेच होतात.

आणि स्वतः बसवायची हौसच असेल तर बाल्कनी ठेवा. कटर मात्र कुणाकडून तरी उसना आणा.