युद्धात सैन्य वाहून नेणाऱ्या जहाजावर असलेल्याला ‘युद्धात होतो’ म्हणता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा १९७१ साली नौदलाच्या वाहतूक जहाजावर होते, पण ‘आम्ही फक्त माणसं नेली’ म्हणून विषय संपवतात. ते खरंच युद्धात होते असं म्हणायचं का, हा तुमचा प्रश्न. होय, म्हणायचं. मीही तेच काम केलंय, म्हणून लिहितो.

माझं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी. आमच्याकडचा पोरगा फौजेत म्हणजे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत, हे ठरलेलं. माझे दोन्ही चुलते तिथलेच. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याकडे निघालेल्या लष्करी गाड्या शाळा बुडवून पाहिल्या होत्या. मी मात्र नौदलात भरती झालो. जहाजावर माझ्याकडे नांगराचं काम आहे असं घरी पत्रात कळवलं, तर आईला केवढं बरं वाटलं. नांगर धरायला पोराला शिकवावं लागणार नाही, असं तिला वाटलं.

आमचं ‘आयएनएस घडियाल’ हे सैन्य किनाऱ्यावर उतरवणारं जहाज, पोलंडमध्ये बांधलेलं, १९६६ साली आलेलं. असल्या जहाजाचा तळ सपाट असतो, कारण त्याला थेट किनाऱ्याच्या वाळूत नाक खुपसायचं असतं. म्हणूनच भर समुद्रात ते इतकं डुलतं की पोहणाऱ्याचंही पोट ढवळून निघतं. किनारा जवळ आला की मागचा नांगर सोडायचा, त्याची तार मोकळी करत पुढे जायचं आणि तळ टेकला की पुढची दारं उघडून फळी खाली टाकायची. परतताना इंजिन उलटं चालवून, त्याच नांगराच्या तारेवर विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढ घेत जहाज मागे काढायचं. नांगर धरला नाही तर जहाज आडवं होऊन वाळूत रुतणार. माझी जागा तिथे, मागे.

१९७१ च्या डिसेंबरच्या मध्याला आम्ही आणि ‘गुलदार’ हे आमच्यासारखंच दुसरं जहाज तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, कॉक्स बाजारच्या दक्षिणेला उखिया इथे होतो. ब्रह्मदेशाकडे पळणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवायची होती. कलकत्त्याहून ‘विश्वविजय’ या व्यापारी जहाजाने आलेले गुरखा आणि बिहार रेजिमेंटचे जवान भर समुद्रात आमच्याकडे उतरवून घेतले. डोंगरातली पोरं, पाठीवर ओझं. उलट्या करून अर्धमेली झालेली. एकजण मला खुणेनेच विचारत होता, पाणी किती? मी कमरेला हात लावला.

ते कमरेएवढं नव्हतं. तिथे किनाऱ्याच्या अलीकडे पाण्याखाली वाळूचा दांडा होता आणि त्याच्या पलीकडे खोल घळ. जहाज दांड्यावर टेकलं, फळी पडली आणि पहिले जवान उतरले ते डोक्यावरून पाणी जाईल अशा जागी. त्यात दोघे बुडून गेले. समोर शत्रू नव्हता, गोळी एकही नव्हती. मागे मला काही दिसत नव्हतं, फक्त पुढचा आरडाओरडा अचानक बदलला तेवढं कळलं. हातातली तार सोडून जाता येत नव्हतं. उरलेल्यांना पुढे स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर नेलं. खुणेने विचारणारा त्यांत होता की नव्हता, मला आजतागायत माहीत नाही.

त्या युद्धाची ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही पदकं माझ्याकडे आहेत. गावात कुणी विचारलं तर मीही कितीतरी वर्षं ‘माणसं नेली की’ एवढंच सांगत आलो. मलप्रभेत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेला मी, आणि पोहता न येणाऱ्याला मी हाताने पाणी मोजून दाखवलं. हे कट्ट्यावर बसून सांगायचं कसं?

तेव्हा आजोबांना तोफा-गोळ्यांचं विचारू नका. उतरवताना त्यांची जागा पुढे होती की मागे, तेवढं विचारा. पुढे म्हणाले तर जवळ बसा, आणि लगेच दुसरा प्रश्न विचारू नका.